तिथी सांगणारं मशीन

कॉम्प्युटरनं चूक दाखवली तर मला राग येत नाही. चूक आली की काम तिथंच थांबतं, आपण पदर खोचतो आणि निस्तरतो. राग येतो तो इशाऱ्याचा. इशारा येतो तरी काम चालूच राहतं, आणि 'बघू उद्या' म्हणायला आपण मोकळे. तंजावूरबाहेरच्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये मी बारा वर्षं कॉम्प्युटरची लॅब सांभाळली. त्यातली निम्मी तरी 'बघू उद्या' म्हणण्यात गेली असतील.

लॅबमध्ये लिनक्स होतं ते आम्ही फार पुढारलेले होतो म्हणून नव्हे, ते फुकट होतं म्हणून. एका मासिकाबरोबर अधूनमधून त्याची सीडी यायची. ती आणायला मी त्रिचीला स्टेशनजवळच्या पुस्तकाच्या दुकानात जायचे आणि मग तीसेक मशिनं एकेक करून नवी करायचे. प्रिन्सिपॉलना वाटायचं सीडी घातली की काम संपलं. खरं तर सीडी घातली की माझे हाल सुरू व्हायचे.

आमच्या गल्लीत लग्नकार्याची मोठी भांडी सगळ्या घरांची मिळून असत. ज्याच्याकडे कार्य असेल त्यानं न्यावीत, घासून परत आणावीत. लिनक्समधल्या लायब्रऱ्या तशाच. प्रत्येक प्रोग्राम आपली भांडी आपण बाळगत नाही, सामाईक वापरतो. आता कुणी हौसेनं जुनं पातेलं काढून नवं आणलं, की ज्यांच्याकडे जुन्या मापाची झाकणं आहेत ते ओरडायला लागतात. एकाचं ऐकून जुनं ठेवावं तर दुसरा म्हणतो मला नवंच हवं. त्या नव्याला आणखी तिसरं हवं असतं, आणि ते तिसरं त्या महिन्याच्या सीडीवर नसतं. शेवटी एक जबरदस्तीची आज्ञा असते, 'कुणाचं काय अडतंय ते बघू नकोस, घाल.' ती आज्ञा द्यायची नाही हे मी मुलांना वर्गात बजावून सांगायचे, आणि ती लॅबबाहेर गेली की स्वतः द्यायचे.

घरीही एक मशीन होतं. लॅबमधून मोडीत निघालेलं, मी उचलून आणलेलं. ते होतं माझ्या सासऱ्यांसाठी. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात, तमिळ शेजाऱ्यांसारखंच. मामा हायस्कूलमधून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि त्या भागातल्या मराठी घरांमध्ये मामांची खरी ओळख गणितानं नव्हती, तिथीच्या वहीनं होती. कुणाच्या घरी कोण कधी गेलं, त्याचा महिना, पक्ष, तिथी, सगळं त्या वहीत होतं. भाषा मराठी, अक्षरं तमिळ, कारण गल्लीत देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मीही ती पुढे पुण्याला आल्यावर नीट शिकले. श्राद्ध जवळ आलं की माणसं यायची, ओट्यावर, म्हणजे आमच्या तिण्णैवर बसायची आणि विचारायची, यंदा आईचं कधी येतं? मामा वही उघडून, पंचांग बघून सांगायचे. त्यावर कुणी उलट विचारत नसे.

पूर्वी हे सोपं होतं. छापील पंचांग सगळ्यांना एकच. पण ती अशी वर्षं होती की गल्लीगल्लीत कॉम्प्युटर शिकवणारी दुकानं निघाली, आणि ज्यांच्या मुंजी आम्ही पाहिल्या ती मुलं बघता बघता अमेरिकेला गेली. ती तिकडून विचारायला लागली. श्राद्धाला दुपारनंतर जी तिथी चालू असेल ती धरतात. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे अजून पहाट, त्यामुळे तीच तिथी तिकडे कधी आपल्याच तारखेला येते, कधी एक दिवस आधी. मामा प्रत्येकासाठी तास वजा करत बसायचे. पत्रं वाढली, हात दुखायला लागला, आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून प्रोग्राम लिहिला. गणित त्यांचं, टायपिंग माझं. गावाचं नाव आणि तिथी द्यायची, मशीन तारीख सांगायचं. तरी मामा पडताळा म्हणून हातानं करायचेच. दोन्ही जुळलं की मी कॉलेजातून त्या घराला ई-मेल पाठवायचे, खाली त्यांचं नाव घालून.

सुनेच्या आणि सासऱ्याच्या नात्यात असं एकत्र बसून करण्यासारखं फारसं काही नसतं. आम्हाला ते मिळालं होतं आणि मला ते फार आवडायचं, हे इथं सांगूनच टाकते. बाकी त्या घरात मी जे जे करत होते ते कुणीतरी करायला हवं म्हणून करत होते.

मग लिनक्सची लायब्ररी बदलली. साधीसुधी नव्हे, सगळ्यात खालची, जिच्यावर बाकी सगळं उभं असतं ती. लॅब नवी केली तसं घरचं मशीनही मी नवं केलं. आमच्या तिथीच्या प्रोग्रामला जुनी लायब्ररी हवी होती. मी ती जबरदस्तीनं शेजारी बसवली. प्रोग्राम चालला, तारखा बरोबर आल्या. फक्त दर वेळी सुरू होताना वर एक इंग्रजी ओळ यायला लागली, की हवी ती लायब्ररी या आकड्याची, सापडली ती त्या आकड्याची, सांभाळून.

मला त्याचं काही वाटलं नाही. मामांना वाटलं. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले हातचे तपासलेला माणूस तो. प्रत्येक वेळी हाक यायची, "हें काय म्हणतें, मा?" तमिळ घरांतल्यासारखं मला ते लाडानं 'मा' म्हणत. मी ताटं घेत असायचे, कपडे वाळत घालत असायचे. सांगायचे, काही नाही मामा, ते असंच म्हणतं. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. त्या दिवसांत सासूबाई आजारी होत्या. त्यांचं अंथरुणातलं सगळं मी करत होते, सकाळी साडेसातची बस पकडत होते, संध्याकाळी येऊन परत त्यांच्यापाशी. त्यात ही ओळ. एका रविवारी मी काय केलं, प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञाच बदलली. तो जे काही इशारे देईल ते पडद्यावर न येता परस्पर कचऱ्यात जातील असं केलं. दोन मिनिटांचं काम. मामांना म्हटलं, आता नीट झालं. ते खूश झाले. मीही.

सासूबाई मार्गशीर्षात गेल्या. थोरले दीर अमेरिकेत होते. निरोप पोचून, रजा मिळून, तिकीट काढून ते येईपर्यंत तेरावाही होऊन गेला होता. आईचं तोंड दिसलं नाही हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण आले तेव्हा दोन दिवस ते तिच्या खोलीत नुसते बसून होते. जाताना मामांना म्हणाले, पहिलं वर्षश्राद्ध मी तिकडे अगदी वेळेवर करीन, अप्पा, तुम्ही फक्त दिवस सांगा.

वर्ष गेलं. मधे आणखी एक सीडी आली. मी लॅब पुन्हा नवी केली, त्याच शनिवारी घरचंही केलं. प्रोग्रामांचं ओरडणं, माझी जबरदस्ती, नेहमीसारखंच. मार्गशीर्ष जवळ आल्यावर मामांनी पंधरा दिवस आधी दिवस काढून ठेवला. मशीननं दिली ती तारीख आमच्या इथल्याच तारखेशी जुळत होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी ई-मेल पाठवली. इथं यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, श्राद्ध केलं, आणि तिकडे त्याच तारखेला दिरांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. दीर मामांशी बोलत होते, मी दारात उभी होते. त्यांनी रजा घेऊन, तीन तासांवरून भटजींना बोलावून सगळं यथासांग केलं होतं. जेवून हात धुतल्यावर भटजी संकोचून म्हणाले, माझ्या पंचांगाप्रमाणे तिथी काल दुपारीच होती, पण तुमच्या वडिलांनी दिवस काढला आहे म्हटल्यावर मी काय बोलणार. दीर फोनवर चिडले वगैरे नव्हते. एका दिवसानं काय होतं, अप्पा, असंच म्हणत होते. मामांनी हूं हूं केलं, रिसीव्हर ठेवला आणि धोतराला हात पुसत राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी पापनाशमहून एक गृहस्थ आले, मुलीच्या सासरची तिथी विचारायला. मामा त्यांना म्हणाले, "मला आतां जमत नाहीं. पंचांगवाल्यास विचारा." गृहस्थांना वाटलं थट्टा करताहेत. ते कॉफी पिऊन थांबले. मामा आत निघून गेले.

वही कपाटात गेली. पत्रं आली ती न फोडता तशीच राहिली. हे माणसाचं एक काम थांबलं एवढ्यावर गेलं असतं तर चाललं असतं, पण मामा सगळ्यातच माघार घ्यायला लागले. फाटकाला कडी घातली का म्हणून दोनदा विचारायचे. गोळी घेतली का नाही हे मला विचारायचे, आणि मी घेतलीत म्हटलं तरी पाकिटातल्या गोळ्या मोजायचे. बाजारात एकटे जायचं बंद केलं. यांना म्हणाले, डोक्याच्या डॉक्टरला एकदा दाखवू या का. ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तोवर मला संशय यायला लागला होता की चुकलंय ते मामांचं डोकं नाही, माझं मशीन आहे.

मला ते सिद्ध करायचं होतं. सिद्ध केल्याशिवाय नुसतं बोलून उपयोग नव्हता. मी काही म्हटलं तर ते सून आपली समजूत घालते आहे असंच धरणार. म्हणून मी ठरवलं, जुन्या लायब्ररीचं ते प्रकरण मुळापासून निस्तरायचं, प्रोग्राम नव्या लायब्ररीवर नव्यानं बांधायचा आणि मग दोन्ही तारखा त्यांच्यापुढे ठेवायच्या.

त्यात पाच रविवार गेले. पहिल्या रविवारी प्रोग्रामचा मूळ मजकूर असलेली फ्लॉपी वाचेना. बुरशी आली होती. दुसरी प्रत लॅबच्या मशीनवर मिळाली. ती बांधायला गेले तर पडद्यावर चौकटी काढणारी जी लायब्ररी आम्ही वापरली होती तिचा अर्धा भाग मशीनवर नव्हता. तो दुसऱ्या सीडीवर. दुसऱ्या सीडीवर ओरखडा. त्रिचीला जाऊन दुसरं मासिक आणलं, त्यात पुढची आवृत्ती. पुढची आवृत्ती म्हणे मला खालचं आणखी काहीतरी नवं लागतं. ते नवं घातलं तर प्रोग्राम बांधणारा कंपायलरच रुसला. कंपायलरला मनवावं तर छपाई बंद. चौथ्या रविवारी काम अर्ध्यात असताना वीज गेली, आणि आली तेव्हा मशीन अर्धा तास स्वतःचीच तब्येत तपासत बसलं. मी त्याच्यासमोर बसून होते. यांनी विचारलं, एवढं काय आहे त्यात? मी म्हटलं, काही नाही. मी तेव्हा सगळ्यांनाच 'काही नाही' म्हणत होते.

कुणी या सगळ्याची संसाराशी तुलना केली की मला अजून चीड येते. संसारात निदान ओरडणारा माणूस दिसतो. इथं एका ओळीत तीन नावं आणि दोन आकडे, आणि त्यातलं एकही नाव आपण कधी ऐकलेलं नसतं.

शेवटी हात टेकले. कॉलेजातून मी एका ई-मेलच्या यादीवर लिहिलं, जिथं जगभरचे लिनक्सवाले एकमेकांना मदत करत. पानभर हकीकत लिहिली. कोणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं, दोन ओळींचं. त्याचा अर्थ असा, की तू इशारा तुझ्या शब्दांत सांगते आहेस. तो जसा येतो तसा सगळाच्या सगळा इथं पाठव.

मला राग आला. ती ओळ मला तोंडपाठ होती. पण त्याला पाठवायची म्हणून घरी येऊन मी दीड वर्षांपूर्वी इशाऱ्यांवर घातलेला तो पडदा काढला आणि जुना प्रोग्राम इशाऱ्यासकट चालवला. ओळ आली. तीच. आणि तिच्या खाली दुसरी आली. ती इंग्रजी नव्हती. रोमन अक्षरांत मराठी होती.

'गावाची वेळ मिळाली नाही. ग्रीनिच धरली.'

ती ओळ कोणा परक्यानं लिहिलेली नव्हती. ती आमची होती. प्रोग्राम लिहिताना मामांनीच आग्रहानं घालायला लावली होती. गावाची वेळ सापडली नाही तर मशीननं काहीतरी धरून पुढे जावं, पण धरलंय हे सांगितल्याशिवाय जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मी मनात म्हटलं होतं, मास्तरकी. इतक्या वर्षांत ती ओळ कधी यायची वेळच आली नाही, म्हणून मी विसरूनही गेले होते. आता कळलं की शेवटच्या सीडीनं जगातल्या गावांच्या वेळा एका कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात ठेवल्या होत्या, आणि जुनी लायब्ररी अजून पहिलंच कपाट उघडून बघत होती. तिथं काही नाही म्हटल्यावर तिनं प्रत्येक गाव ग्रीनिच धरलं. दिरांचं गाव पाच तास सरकलं, आणि त्यांची आई एक दिवस. मशीन दर वेळी सांगत होतं, आणि मी ते दर वेळी कचऱ्यात टाकत होते.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. जुन्या कपाटाच्या जागी नव्याकडे बोट दाखवायचं, बस. मी ती केली, दिरांचं गाव आणि सासूबाईंची तिथी दिली, आणि बरोबर तारीख आली, एक दिवस आधीची. पाच रविवार मी लायब्रऱ्यांच्या मागे धावत होते ते सगळं फुकट. मला आनंद झाला नाही.

मग मी कपाटातून वही काढली. मामांना दाखवायला त्यांचंच पान हवं होतं. दिरांच्या नावाखाली त्यांनी तासांची वजाबाकी केली होती, ठळक, सरळ आकड्यांत, आणि शेवटी तारीख लिहिली होती. ती बरोबर होती. भटजी म्हणाले तीच. तिच्यावर पट्टी धरून मारल्यासारखी एक रेघ होती, आणि शेजारी मशीनची तारीख.

मामा तिण्णैवर बसले होते. दुपारचे चार वाजले असतील. मी कॉफीचा पेला, आमचा टंबळर, त्यांच्यापुढे ठेवला, वही ठेवली आणि सगळं सांगितलं. ओळ कशी लपवली तेही. मला वाटलं होतं मी रडेन, पण रडण्याइतकाही जोर नव्हता. मी म्हटलं, तुमचं डोकं शाबूत आहे मामा, तुमचं गणित बरोबर होतं.

ते वहीकडे न बघता म्हणाले, "तें मला ठाऊक आहे, मा. फोन आला त्याच दिवशीं पाहिलों."

मग हे सगळं कशाला, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. वही कपाटात कशाला, डॉक्टर कशाला, लोकांना परत कशाला पाठवता?

त्यांनी कॉफी खालच्या पसरट वाटीत, डवऱ्यात ओतली, परत टंबळरमध्ये ओतली. म्हणाले, "दोन तारखा जुळल्या नाहींत. तुला विचाराया आलों. तूं टेबलावर डोकें ठेवून निजली होतीस. उठवाया मन आलें नाहीं. म्हणून माझी खोडलों." मग टंबळर खाली ठेवून, "बरोबर ठाऊक असून खोडतो, त्या माणसानें वही कशाला ठेवावी? खोडली तीही तुझ्या सासूच्या तिथीची."

मला तो दिवस आठवला नाही. तसे दिवस इतके होते. मी फक्त म्हटलं, उठवायचं होतं, मामा. ते म्हणाले, आता उठवतो.

दिरांना त्यांनी स्वतः फोन केला. चुकलेलं श्राद्ध पुढच्या अमावास्येला करता येतं. तो दिवस मामांनी हातानं काढला, मी मशीनवर काढला, जुळला, आणि दिरांनी केलं. न फोडलेली पत्रं फुटली. पापनाशमचे गृहस्थ पुन्हा आले आणि या वेळी तिथी घेऊन गेले. मी पुढच्या सुट्टीत प्रोग्राम नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधला. आता कसलीच ओळ येत नव्हती, आणि आली असती तर दिसली असती. मामा बाजारात एकटे जायला लागले. फाटकाच्या कडीचं ते अजून दोनदा विचारायचे, पण म्हातारी माणसं विचारतात.

पुढच्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. रविवार होता, जेवणं झाली होती, मी नुकतीच चटईवर आडवी झाले होते. खांद्याला हात लागला. मामा वही घेऊन उभे होते, चष्मा कपाळावर, चेहरा उजळलेला.

"ऊठ, मा. तुझें मशीन पुन्हा चुकलें."

एका कुटुंबाची तिथी होती, त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात. मी उठले, डोळ्यांवर पाणी मारलं, मशीन सुरू केलं. इशारा नव्हता. गावाची वेळ जागेवर होती. तारीख तीच आली. मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या पानावरचं गणित पहिल्यापासून केलं. मग पुन्हा केलं. अमेरिकेचे तास वजा करायचे असतात. त्यांनी ते मिळवले होते. आकडे नेहमीसारखेच ठळक, सरळ, आणि मधे अधिकाचं चिन्ह. मी मागचं पान उलटलं. त्यावरही एका जागी तसंच होतं, खोडून नीट केलेलं. त्याच्या मागच्या पानावर दोन.

मामा माझ्या मागे उभे राहून वाट बघत होते. शाळेत उत्तर बरोबर आलं आहे हे माहीत असलेलं मूल जसं उभं राहतं तसे. मी त्यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "हो मामा, मशीनचेंच कांहीं बिघडलें. मी पाहतें." ते मान हलवून तिण्णैकडे गेले, जाता जाता यांना काहीतरी सांगून हसवलंही.

सोमवारी कॉलेजात पोचल्यावर मी त्या घराला मशीनची तारीख कळवली, आणि खाली नाव मामांचं घातलं.